डोळे मिटून वीस आकडे

माझ्या तोंडाला लगाम नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी अठरा वर्षं फोरमन होतो. आकाराम फोरमन येतोय म्हटलं की विड्या विझायच्या, गप्पा बंद व्हायच्या. मला त्याचा भारी अभिमान वाटायचा. आता त्यातलं काही आठवलं की मी घरातल्या घरात मान खाली घालतो, आणि बायको विचारते, काय सांडलं का म्हणून.

आमचं काम ओतकामाचं. आठवड्यातून दोन दिवस भट्टी पेटायची. लोखंड पातळ झालं की ते लॅडलमध्ये घ्यायचं, म्हणजे लांब दांड्यांच्या बादलीत, आणि पुढं एक, मागं एक अशा दोघांनी उचलून साच्यांपर्यंत न्यायचं. पायाखाली सगळी भुसभुशीत काळी वाळू. पुढच्याचा पाय जरा खचला की मागच्यानं तेवढाच दांडा उचलायचा, न बघता, न विचारता. विचार करत बसलं तर लोखंड सांडलंच म्हणून समजा.

तसं ते एकदा सांडलं. पुढचा माणूस हातभट्टीची मारून आला होता आणि मागं गुंडू होता. गुंडूच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. त्याला मी खांद्यावर घालून दवाखान्यात नेला, आणि त्याचं ओरडणं ऐकत ऐकतच ठरवलं की आता बास. तेव्हापासून भट्टीच्या दिवशी माझी परीक्षा सुरू झाली. लॅडल धरणाऱ्या प्रत्येकानं वाळूत पाय जुळवून उभं राहायचं, हात पुढं करायचे, डोळे मिटायचे, आणि मी वीस आकडे म्हणायचे. जो डुलला तो घरी.

तोंडाचा वास मी कधी घेतला नाही. लोकांना सांगायचो, वेलदोडा चघळला की वास मरतो, पाय काही खोटं बोलत नाहीत. खरं कारण निराळं होतं. मजुराच्या तोंडाजवळ नाक न्यायला मला कमीपणा वाटायचा. फोरमन होतो ना मी.

सयाजी मलकापूरकडचा. सात वर्षं मागचा दांडा त्याच्याकडं होता आणि सात वर्षांत थेंब सांडला नव्हता. बोलायला कमी, पण समोरून आला की रामराम चुकायचा नाही. एकाहत्तर साली पावसाळ्याच्या तोंडाला तो रजेवर गेला. गावाकडं भावाची रोपलावण आहे, म्हणाला. परत आला तो तीन महिन्यांनी, निम्मा होऊन. गालाची हाडं वर आली होती. मी म्हटलं, रोपं लावायला गेलतास का रोपं खायला? तो हसला नाही.

मग एकेक बघायला मिळालं. भिंतीला हात लावून चालायचा. सरळ वाटेवर पाय तिरके पडायचे. माझ्या समोरून जायचा तर रामराम नाही, ओळख नाही, जणू मी तिथं नाहीच. एकदा मी मुद्दाम वाटेत उभा राहिलो, तेव्हा तो अगदी जवळ आल्यावर थांबला, माझ्याकडं बघितलं आणि मग म्हणाला, "फोरमन हाय व्हय." मला राग आला. सात वर्षं मी याला सांभाळतो, आणि हा आता माझी ओळख पटवून घेतोय. चाळिशीत दारूनं बिघडलेली माणसं मी बघितली होती. मनात म्हटलं, हा गेला कामातून.

भाद्रपदातल्या भट्टीच्या दिवशी तो परीक्षेला उभा राहिला. डोळे मिटले, मी आकडे सुरू केले, आणि चारलाच तो लाकडासारखा आडवा झाला. तोंड वाळूत. पोरं हसली. मी म्हटलं, ऊठ, पुन्हा. पुन्हा तिसऱ्या आकड्याला पडला.

तो उठून बसला, ओठांवरची वाळू पुसली आणि म्हणाला की मी प्यालेलो नाही. मग काय झालं, विचारलं तर गप्प. आमच्याकडं भट्टीशेजारच्या कोनाड्यात जोतिबाची तसबीर होती, तिच्यापुढं गुलालाची वाटी. मी ती वाटी उचलून त्याच्यापुढं धरली. त्यानं गुलाल कपाळाला लावला आणि जोतिबाची आण घेऊन सांगितलं की दारूला शिवलेलो नाही. मी म्हटलं, मग आता उभा राहा. तो उभा राहिला आणि पडला.

तेव्हा मी जे बोललो ते सगळ्या फौंड्रीनं ऐकलं.

"दारू उतरंल सयाजी, ही खोटी आण न्हाय उतरायची. चालता हो."

तो गेला. गुलाल तसाच कपाळाला. दारातून बाहेर पडताना त्याचा खांदा चौकटीला आपटला आणि पोरं पुन्हा हसली. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं.

त्या हसणाऱ्यांत एक हसला नव्हता, तो बाळासो मोल्डर, वाळूचे साचे करणारा. बाळासो गडमुडशिंगीचा. त्याच्या पुतण्याशी सयाजीच्या मुलीची, आक्काताईची, सोयरीक ठरली होती. ठरल्यापासून तो सयाजीला पावणं म्हणायचा, जेवणाचा डबा शेजारी उघडायचा. त्या दिवसापासून त्यानं सयाजीचं नाव टाकलं.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सयाजीची बायको सरुबाई माझ्या घरी आली. मला वाटलं, कामावर घ्या म्हणून पाया पडायला आली असणार. तयारीच करून बसलो होतो मी, काय बोलायचं त्याची. बयाबाईनं, माझ्या बायकोनं, तिला पाट दिला, पण ती बसली नाही. म्हणाली, आधी शब्द द्या की हे या घराबाहेर जाणार नाही. मी म्हटलं, आण घेऊ का?

"नको," ती म्हणाली. "तुमच्या नुसत्या शब्दावर बी इस्वास हाय माझा."

बयाबाई माझ्याकडं बघत राहिली. मी तिकडं बघायचं टाळलं.

सरुबाईनं सांगितलं ते असं. सयाजी रोपलावणीला गेलाच नव्हता. त्याला टीबी झाला होता. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा कळलं. मलकापुरात रोज एक सुई, नव्वद सुया घेतल्या. आजार हटला, डॉक्टरनं सांगितलं की आता कुणाला लागण व्हायची भीती नाही. पण शेवटच्या सुयांच्या वेळी चक्कर सुरू झाली, आणि चक्कर गेली तरी तोल काही परत आला नाही. हे फौंड्रीत सांगावं तर पाण्याचा घडा वेगळा झाला असता, आणि गडमुडशिंगीला कळलं तर मुलगी घरात राहिली असती. टीबीवाल्याच्या घरची पोर कोण करून घेतो? म्हणून त्यानं तोंड शिवून घेतलं. आणि आता गडमुडशिंगीकर म्हणत होते, गरिबी चालेल, पण जोतिबाचा गुलाल लावून खोटं बोलणाऱ्याचं घर नको. दसऱ्यानंतर येऊन सुपारी मोडायची, असं त्यांनी कळवलं होतं.

मी काय म्हणालो असेन? मी म्हटलं, सुईनं कुठं तोल जातो का. एवढं ऐकूनही माझी मान ताठ होती, बघा. सरुबाई म्हणाली, माझं ऐकू नका, उद्या यांचे कान बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं चला.

राजारामपुरीत डॉक्टर कालिंदीबाईंचा कानाचा दवाखाना होता. बाई वयानं लहान, पण बोलणं असं की फोरमन त्याच. सयाजी आधीच येऊन बसला होता. मला बघून तो उठायला लागला, तर त्यांनीच त्याला खाली बसवला.

त्यांनी माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाल्या, वाचता वाचता मान डावी-उजवी हलवा, पटापट. मी हलवली. अक्षरं जागेवर होती, वाचता आलं. मग म्हणाल्या, आता मान स्थिर ठेवा आणि कागद हलवा. सगळे काळे फराटे झाले. मला मोठी मौज वाटली. मग त्यांनी तोच कागद सयाजीपुढं धरला. चौथी शिकलेला माणूस, स्थिर बसून त्यानं अख्खी ओळ वाचली. मान हलवायला सांगितली तर पहिल्या शब्दाला थांबला.

"अक्षरं पळत्यात," तो म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "चालताना बी असंच हुतंय, फोरमन. समोरच्याचं तोंड हलतंय. थांबल्याबिगर कोण त्ये कळत न्हाय."

रामराम का चुकत होता, ते मला तेव्हा कळलं. माझ्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं.

बाईंनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडं, पाण्यानं भरलेल्या बारीक, वळणदार नळ्या असतात. डोकं हललं की ते पाणी मागं राहतं, आणि तिथल्या केसाएवढ्या पेशींना कळतं की डोकं कुठं, किती वळलं. ती खबर मेंदूच्या देठाशी जाते, मानेच्या वर, मेंदू जिथं सुरू होतो तिथं. तिथल्या पेशी डोळ्यांच्या स्नायूंना हुकूम देतात. डोकं उजवीकडं, की डोळे तेवढेच डावीकडं. म्हणून आपण चालतो, धावतो, तरी समोरची भिंत उभी राहते. खबरीच्या वाटेत टप्पे थोडे, म्हणून हे क्षणात होतं, आणि तुम्हाला कुणी विचारतही नाही. त्याच देठातून खाली पायांनाही हुकूम जातात. सुयांनी सयाजीचा जीव वाचवला, पण कानातल्या त्या पेशी मारल्या. देठ शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, पण खबरच येत नाही. आता तो डोळ्यांनी बघून आणि पायांना जमीन लागते त्यावरून तोल राखतो. पायाखाली वाळू दिली आणि डोळे मिटवले, तर राहिलं काय त्याच्याकडं?

मला लॅडल आठवला. पुढच्याचा पाय खचला की मागचा न बघता दांडा उचलतो. सात वर्षं सयाजी तेच करत होता. आता त्याच्या डोक्यातला खबर देणारा पुढचा माणूसच गेला होता, आणि त्याचे दोन आधार काढून घेऊन मी वर आकडे मोजत होतो. दारुड्या ओळखायला शोधून काढलेली माझी परीक्षा नेमकी याच दुखण्याची होती. बाई म्हणाल्या, डॉक्टर लोकही अशीच करतात, पण ते नंतर विचार करतात.

शेवटी त्यांनी सयाजीला मान मागं टेकवून बसवलं आणि कानात बर्फाचं पाणी सोडलं. डोळे जागचे हलले नाहीत. चांगल्या माणसाला याच पाण्यानं सगळी खोली फिरताना दिसते, त्या म्हणाल्या. आतलं पाणी गार होऊन सरकतं आणि देठाला वाटतं डोकं फिरतंय. मला खरं वाटलं नाही. म्हटलं, माझ्या कानात सोडा बघू. त्यांनी पडदा तपासून सोडलं. थोडा वेळ काहीच नाही, मी हसायच्या बेतात, आणि मग एकदम भिंत पळायला लागली. पळते, परत येते, पळते. मी टेबल धरलं. बाई म्हणाल्या, उठा, पाय जुळवा, डोळे मिटा. मी डावीकडं कलंडलो तो थेट सयाजीच्या अंगावर. त्यानं बसल्या बसल्या मला दोन्ही हातांनी धरला. सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, पण त्यानं धरला.

बाहेर आल्यावर मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, माझं जाऊ द्या, दुखण्याचं नाव काढू नका, पोरीचं तेवढं बघा.

दुसऱ्या दिवशी मी बाळासोला बाजूला घेतला. म्हटलं, सयाजीच्या कानात बिघाड आहे, मी स्वतः डॉक्टरकडं जाऊन आलो, माणूस प्यालेला नव्हता. बाळासोनं ऐकून घेतलं. तो काही वाईट माणूस नव्हे. तो म्हणाला, तुम्हाला आता दया आली, चांगलं आहे. पण कान दुखला म्हणून माणूस चारच्या आकड्याला आडवा होतो व्हय? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तुमची परीक्षा चुकत नाही, हे तुम्हीच सहा वर्षं सांगताय की.

टीबीचं सांगावं तर सोयरीक मोडणार, न सांगावं तर आण खोटी ठरणार. तीन रात्री मला झोप नाही. चौथ्या दिवशी मी परत कालिंदीबाईंकडं गेलो आणि काय करायचं मनात आहे ते सांगितलं. त्यांनी साफ नकार दिला, मला मूर्खही म्हणाल्या. मग शेवटी पाणी कसं, किती सोडायचं ते दाखवलं आणि शेजारी माणसं उभी करा म्हणून बजावलं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं धुऊन मांडायची, लॅडलला झेंडूची माळ, भट्टीला नारळ. बायका-पोरं येतात, मालक येतात. सयाजीला मी घरी जाऊन आणला. तो येईना, सरुबाईनं ढकलला. तो दारातच, चौकटीला हात लावून उभा राहिला.

आरती झाली. मी पुढं झालो. जोतिबाच्या वाटीतला गुलाल कपाळाला लावला आणि म्हटलं, मी आज दारूला शिवलेलो नाही, जोतिबाची आण. लोकांना वाटलं, फोरमनचं काहीतरी नवीन. मग मी स्टुलावर बसून मान मागं टाकली, आणि गुंडूनं लंगडत येऊन पिचकारीनं बर्फाचं पाणी माझ्या डाव्या कानात सोडलं. गुंडूला मी सांगितलं होतं, विचारू नकोस. मी वाळूत उभा राहिलो, पाय जुळवले आणि म्हटलं, बाळासो, आकडे म्हण.

डोळे मिटले. एक, दोन. तिसरा मी ऐकला तो वाळूत तोंड खुपसून. उठायला गेलो तर जमीनच वर आली आणि पुन्हा पडलो. पोटातलं सगळं वर आलं आणि नव्या शर्टावर ओकलो. बयाबाईसमोर, मालकांसमोर, ज्यांना मी सहा वर्षं रांगेत उभं केलं त्या सगळ्यांसमोर.

आधी कुणी हसलं नाही. मग मागून एक जण म्हणाला, फोरमननंच मारली की आज. आणि सगळी फौंड्री हसली. मी ओरडून सांगितलं की मी प्यालेलो नाही, गुलालाची आण घेतलीय. तर आणखी हसले. चार पायांवर असलेल्या माणसाची आण कुणाला खरी वाटणार? मला वाटलं होतं, मी पडलो की लगेच सगळ्यांना कळेल, मी उठून दोन शब्द बोलेन आणि संपेल. तसं काही झालं नाही. मी खरं बोलत होतो आणि एकालाही ते खरं वाटत नव्हतं. सयाजीला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मी बाईंच्या दवाखान्यात समजलो नव्हतो. ते मला इथं, तोंडात वाळू असताना, कळलं.

मी म्हटलं, "बाळासो, तू सांग. प्यालोय का मी?"

बाळासोची नजर माझ्या शर्टावर होती.

दारातून सयाजी निघाला. नजर वाळूवर ठेवून, पावलं रुंद टाकत, मध्ये दोनदा थांबत तो आला. हसणं कमी होत गेलं. माझ्यापुढं तो गुडघ्यांवर बसला, एक हात वाळूत टेकला, आणि त्यानं आपलं नाक माझ्या ओकलेल्या तोंडाजवळ आणलं. अगदी जवळ. श्वास घेतला, थांबला, पुन्हा घेतला.

"वास न्हाय," तो मागं वळून म्हणाला. "फोरमन प्यालेला न्हाय."

एवढंच करायचं होतं मला भाद्रपदात. वाकायचं आणि एक श्वास घ्यायचा.

बाळासो पुढं आला. तोही वाकला, त्यानंही माझं तोंड हुंगलं, आणि मग बराच वेळ सयाजीकडं बघत राहिला. माझ्या डोळ्यांपुढं अजून सगळं पळत होतं, त्यामुळं त्याचा चेहरा मला नीट दिसला नाही. त्यानं माझ्या एका काखेत हात घातला आणि दुसऱ्या बाजूला मान करून म्हणाला,

"पावणं, तिकडनं धरा."

दोघांनी मला मधे धरून दारापर्यंत नेलं. सयाजी चालताना झुकत होता, मी त्याच्याहून जास्त झुकत होतो, आणि ज्याचा तोल मी सगळ्या फौंड्रीसमोर काढला, त्याच्याच खांद्यावर माझा सगळा भार होता.